बारा मायक्रॉनचं कोटिंग
कूलंटचा आंबूस वास आला की मला वाळूजच्या कारखान्यातली तपासणीची खोली आठवते. मी नवीन होते, आणि मायक्रॉनच्या µm मधलं µ हे चिन्ह एक्सेलमध्ये कसं टाकायचं ते मला येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरनं, ज्यांना मी दादा म्हणायचे, खुर्ची सरकवून दाखवलं, "लई सोपंय. एम टाईप कर, तेवढ्या अक्षराला सिम्बॉल फॉन्ट दे, झाला म्यू." त्या दिवसापासून माझ्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा त्यांचा. तीन महिने मी तसेच रिपोर्ट पाठवले. मग एका ग्राहकानं माझे आकडे उचलून स्वतःच्या तक्त्यात पेस्ट केले, तिथं फॉन्ट गेला, म्यूचा पुन्हा एम झाला, µm चं mm झालं आणि बारा मायक्रॉनचं कोटिंग बारा मिलिमीटरचं दिसायला लागलं. माल थांबला. जेवणाची सुट्टी संपता संपता साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी दादांकडे पाहिलं, ते बोलतील म्हणून. ते बोललेच. "मी हिला इन्सर्टमधूनच चिन्ह घ्यायला सांगितलं होतं, साहेब. हे असलं हिला कुणी शिकवलं, काय माहीत." त्यांच्या मिशीला माझ्या ठेच्यातला शेंगदाण्याचा कण अजून तसाच होता. लेखी माझ्याकडे काहीच नव्हतं. आता नव्या पोरींना मी म्यू टाकायला शिकवते ती कागदावर लिहून, खाली माझी सही करून.