फाट्यावरची पाटी

आमची वस्ती देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या मधोमध. ऊस वाढला की डांबरी रस्त्यावरून घरं दिसतच नाहीत. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण येणारे सगळे ओळखीचेच.

त्या दुपारी सासरे गोठ्यातून आले आणि ओट्यावर बसले ते उठेनात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. हात छातीवर, अंगावर घामाच्या धारा. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, "जवळची काही खूण सांगा, मॅडम." काय सांगणार? कालव्याच्या चारीचा पूल, विहीर, लिंबाचं झाड. अशा खुणा इथे दर वळणाला. वस्तीचं नाव सांगितलं, तर त्याच नावाची दुसरी वस्ती तालुक्यात निघाली आणि गाडी तिकडे गेली.

ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. "ताई, इथं कुनीच आजारी न्हाई म्हनत्यात!"

मग मोठ्या जाऊबाई स्कूटी काढून फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी मामांच्या पाठीला हात लावून बसले. ते सारखं विचारायचे, "आली का गाडी?" मी "आलीच" म्हणत राहिले. सायरन ऐकू यायचा आणि उसापलीकडे विरून जायचा.

गाडी उशिरा आली, पण आली. श्रीरामपूरच्या दवाखान्यात मामा वाचले. आणखी वेळ गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

घरी परतल्यावर मामांनी एकच धरलं, फाट्यावर पाटी पाहिजे. पण फाट्याच्या कोपऱ्यावरचं रान त्यांच्या चुलतभावाचं. बांधाचं भांडण कोर्टात गेलं तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. लग्नात एका मांडवात असले तरी एकमेकांकडे पाठ करून जेवायचे.

"मी विचारून येते," मी म्हटलं.

"न्हाई. मीच जातो."

मी सोबत गेले. चुलतसासरे ठिबकचा पाइप जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुज्या बांधावर पाटी लावायची हाय," मामा म्हणाले.

"माज्या बांधावर तुजं नाव?"

"नाव नको. नंबर टाकू. माज्या घराला, तुज्या बी."

चुलतसासऱ्यांनी पाइप खाली ठेवला. मग म्हणाले, "खड्डा मी खांदतो. तू नको वाकू."

पाटी लागली. मी त्या ड्रायव्हरला फोन करून कळवलं. सुट्टीच्या दिवशी तो मोटरसायकलवर आला, आसपासच्या सगळ्या वस्त्या फिरला आणि प्रत्येक घराचं लोकेशन, आमच्या घरांचं नंबरासकट, मोबाईलमध्ये घेऊन गेला. आमची पाटी बघून शेजारच्या वस्त्यांनीही पाट्या लावल्या.

उन्हाळ्यात चुलतसासूबाई न्हाणीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. फोन मीच केला. या वेळी नंबर सांगितला, आणि गाडी कुठेही न थांबता थेट त्यांच्या दारात आली. चुलतसासरे मात्र गाडीत चढेनात. म्हशींच्या धारा राहिल्या होत्या.

"तू जा तिच्यासंग," मामा कुंपणापलीकडून म्हणाले. "म्हशींचं आमी बघतो."

मामांना डॉक्टरांनी जड कामाची मनाई केलेली. त्यामुळे धारा मी आणि जाऊबाईंनी काढल्या. मामा खाटेवर बसून, अनोळखी हातांना बुजलेल्या एका म्हशीला चुचकारत होते.

चुलतसासूबाई आता काठी घेऊन चालतात. बांधाचा दावा कोर्टात चालूच आहे.