माशी बसता कामा नये

माशी मारायची असेल तर ती बसलीय तिथे मारायचं नसतं, उडून जिथे जाणार तिथे मारायचं असतं. तिचे डोळे म्हणजे हजारो बारीक भिंगं. मागचं-पुढचं तिला एकदम दिसतं, आणि आपला हात खाली येईपर्यंत तिने उडीची तयारी केलेली असते. म्युनिसिपालिटीच्या शाळेत हे मी तीस वर्षं शिकवलं. मुलं फिदीफिदी हसायची, कारण रिकामटेकड्यालाच आपण ‘माश्या मारत बसलास काय’ म्हणतो. मी दहा वर्षांची असताना पाच दिवस फक्त माश्या मारल्या, आणि तितकं जिवावरचं काम पुढे जन्मात केलं नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागला चाळीत आमची एक खोली, आणि वडील गिरणीत माग चालवायचे, म्हणजे पाळीभर उभं राहायचं काम. मोर्चाला गेले ते आपल्या पायांनी, परत आले ते चौघांच्या हातांवर. डाव्या नडगीवर लाठी बसली होती. कातडं फाटून आतलं हाड दिसत होतं. नाक्यावर दगड आणि सोड्याच्या बाटल्यांच्या काचा पसरल्या होत्या, अश्रुधुराने आमचे घरात बसूनही डोळे चुरचुरत होते, आणि लांबून गोळ्यांचे आवाज येत होते. हॉस्पिटल जवळच होतं. पण दारात पोलीस उभे आहेत, लाठीची जखम दिसली की माणूस उचलतात, असं चाळीत जो तो सांगत होता. आईने ठरवलं, घरीच बरं करायचं.

आमच्याकडे कुठे मार लागला की गूळ-चुना. आईने दोन्ही एकत्र कालवून गरम केलं, सुजेवर जाड थापलं, थोडं जखमेच्या कडांवरही गेलं, आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. हा लेप मुक्या मारावर लावतात, उघड्या जखमेवर नाही. आईला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण सूज गुडघ्याच्या वर चढत होती आणि तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

गुळावर माश्या आल्या. कर्फ्यूमुळे कचरा उचलायला कोणी फिरकत नव्हतं, चाळीमागे ढीग साचला होता, आणि त्या तिथूनच येत होत्या. माशीला चव पायांनी कळते. तिला दात नसतात. ती आधी थुंकी टाकते, खाणं पातळ करते आणि मग सोंडेने शोषून घेते. मुलांना हे ऐकून भारी गंमत वाटते. उकिरड्यावरून आलेली माशी आपल्या बापाच्या पायावर थुंकताना पाहिली की गंमत वाटत नाही.

दुपारी कर्फ्यू दोन तास उठायचा. तेवढ्यात आई दूध आणि रॉकेलच्या रांगेला पळायची. जाताना माझ्या हातात वेताच्या दांड्याचा पंखा देऊन बजावायची, “एक पण माशी बसता नये गो. बसली तर बाबांचो पाय जातलो.” पाय गेला की माग गेला, आणि माग गेला की खोली गेली, हे मला न सांगता कळत होतं.

मी मारत सुटले. पंख्याने, चपलेने, नुसत्या तळव्याने. प्रत्येक माशी मला लाठीवाला पोलीस वाटायची. अर्धमेली सापडली की तिचे दोन्ही पंख उपटायचे, तिला फरशीवर चालू द्यायचं आणि मग टाचेखाली चिरडायचं. मला मजा येत होती, खोटं कशाला सांगू?

चौथ्या दिवशी दुपारी आई रांगेला गेली होती. वडील तापात ग्लानीत पडले होते. एक माशी पट्टीच्या कडेला येऊन बसली आणि हलेचना. एरवी माशी बसल्या बसल्या पुढचे पाय चोळत असते, ते तिचं साफसफाईचं काम. ही तेही करत नव्हती, पोटाचं मागचं टोक कापडाच्या घडीत खुपसून स्थिर होती. पंखा मारला असता तर तो जखमेवरच बसला असता. म्हणून मी दबा धरून वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने ती उडाली आणि मी तिला भिंतीवर चिरडलं. मी विजयी!

घडीत पांढरे बारीक कण दिसले. कण्यांहूनही बारीक. मला वाटलं, चुना सुटलाय. मी ते झटकलेसुद्धा नाहीत. माशी एका वेळी शंभरेक अंडी घालते आणि एका दिवसात त्यांतून अळ्या बाहेर पडतात, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं. जखमेत अंडी घालणारी बहुतेक हिरवी चमकणारी माशी असते, पण सडलेलं मिळालं तर घरमाशीही सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, “आत कायतरी वळवळता.” आईने पट्टी सोडली. आधी वास आला आणि मग त्या दिसल्या. बिनपायाच्या, बिनडोळ्यांच्या, मांसात तोंड खुपसलेल्या.

आईने पट्टी खाली ठेवली, पंखा उचलला, उलटा धरला आणि दांड्याने मला मारायला सुरुवात केली. “निजलंस तू! निजलंस!” पाठीवर, हातांवर, जिथे लागेल तिथे. मी क्षणभरही झोपले नव्हते. पण ती एक माशी मी बसू दिली होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही. दांडा मोडला तशी ती हाताने मारू लागली. चाळीतली सगळी दारं उघडी होती, पण मध्ये कोणी पडलं नाही.

वडील कोपरावर उठून ओरडले, “तिका कित्याक मारतस? लाठी काय तिना मारल्यान?”

“मगे कोणाक मारू?” आई किंचाळली. “सांगा तुमी, कोणाक मारू?”

शेवटी कर्फ्यू उठताच हातगाडीवरून हॉस्पिटल गाठलं. दारात पोलीस खरंच होता. त्याने पायाकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि बाजूला झाला. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक अळी काढली. मग ते आईवर उखडले, “किड्यांनी सडलेलंच खाल्लंय. पाय सडवला तुमच्या त्या लेपाने. किड्यांना घाबरून आणलंत म्हणून, नाहीतर गुडघ्यापासून कापावा लागला असता.” आई मान खाली घालून ऐकत होती. पाय राहील, असं ते म्हणाले.

आम्ही दोघी घरी निघालो. रस्त्यावर जळलेल्या टायरचा वास होता. मी आईपासून चार पावलं लांब चालत होते, कारण तिचा हात उठला की मी दचकत होते. एका बंद दुकानापाशी ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “काल दिवो लावताना मी पट्टीत पांढरे कण बघलंय. माका चुनोच वाटलो.”

पाठीची आग आग होत होती. मी तिच्यावर धावून गेले. पोटात, मांडीवर, मिळेल तिथे दोन्ही मुठींनी मारलं, दंडाला चावले. नाक्यावरचे पोलीस बघत राहिले. तिने मला आवरलं नाही, मागेही सरली नाही. माझे हात गळेपर्यंत उभी राहिली.

“झाला?” ती म्हणाली. “चल. बाबांक पेज न्हेवची आसा.”