बोकडाची साक्ष आणि कोर्टाची बेअदबी

आमच्या विंझरवर तेव्हा भोर संस्थानचा अंमल होता. गावाबाहेरच्या वाडीवर राहणाऱ्या एका धनगर म्हातारीचा बोकड गावातल्याच एका माणसानं आपल्या गोठ्यात बांधला आणि "ह्यो माझाच" म्हणून बसला. प्रकरण भोरच्या कोर्टात गेलं. म्हातारीनं साक्षीला माझ्या बायकोचं नाव दिलं, कारण तो बोकड रोज आमच्या परसातल्या घेवड्यावर तोंड मारायचा. त्याला तिच्याइतक्या शिव्या गावात दुसऱ्या कुणी घातल्या नसतील.

आम्ही बैलगाडी जुंपून भोरला गेलो. बायको पदर सावरून पिंजऱ्यात उभी राहिली, खरं सांगेन अशी शपथ घेतली. समोरचा वकील तिला गोंधळात टाकायला बघत होता.

"बोकड ओळखता कशावरनं? सगळे बोकड सारखेच!"

"सगळे वकील सारखे असत्यात व्हय?" ती म्हणाली.

लोक हसले. वकील चिडला. "खूण सांगा! त्याची दाढी कशी होती?"

तिनं खूण सांगायला इकडंतिकडं बघितलं आणि तिची नजर नेमकी न्यायाधीशसाहेबांवर थांबली.

"पांढरी, टोकाला काळी, जरा डावीकडं वळल्याली. थेट सायबांवानी!"

कोर्टात हशा पिकला. पट्टेवाल्यानं पागोटं तोंडावर ओढलं. साहेब लालबुंद झाले. "ही कोर्टाची बेअदबी आहे! कोठडीत टाकीन!"

"खरं बोलायची शपथ तुमीच घातली की, सरकार."

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. मग त्यांनी शिक्षा सुनावली: कोर्ट उठेपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बायको मुकाट्यानं जाऊन बसली.

इतक्यात म्हातारीचा वकील उठला. "सरकार, साक्ष अर्धीच झाली. बोकड कोणाच्या गोठ्यात बघितला, ते विचारायचं राहिलं."

"विचारा," साहेब म्हणाले.

वकिलानं विचारलं. बायकोनं तोंडावर हात ठेवून मान हलवली. त्यानं परत विचारलं. तिनं साहेबांकडं बोट दाखवलं. आता मात्र मलाही हसू आवरेना.

"बोला, बाई!" साहेब ओरडले. "बोलायची परवानगी आहे!"

"दाडीबद्दलबी?"

साहेबांनी हातातले कागद तोंडासमोर धरले. कागद बराच वेळ थरथरत होते. रागानं की कशानं, ते आम्हाला कळलं नाही. मग तिनं सरळ सांगितलं, की तिनं आपल्या डोळ्यांनी तो बोकड त्या माणसाच्या गोठ्यात दाव्याला बांधलेला बघितला, आणि म्हातारीनं हाक मारताच तो दावं तोडायला लागला.

बोकड पुरावा म्हणून कोर्टामागंच बांधून ठेवला होता, तो साहेबांनी आवारात आणवला. म्हातारीनं हाक मारली, तसा तो पट्टेवाल्याला ओढत तिच्याकडं निघाला. निकाल तिथंच लागला. शिक्षा काही माफ झाली नाही. बाकीचे दावे संपेपर्यंत बायको बाकावर बसून राहिली, मी बाहेर बैलांपाशी.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या. "लई तरास झाला का गं?"

"कसला तरास? सावली हुती, पंखा हुता, आन दुसऱ्यांची भांडणं ऐकायला," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं इतका येळ मला कुणी बसू दिलंय?"