एका पळीतले रेणू
वाळा घातलेल्या माठाचा वास आला की मला सोलापुरातला तो उन्हाळा आठवतो. थोरला भाऊ पुण्याला विज्ञान शिकत होता, तो तापानं फणफणत घरी आला होता. पाण्यानं ताप चढतो अशी तेव्हा समजूत होती. तासाला एक पळीच पाजायची, असं वैद्य बजावून गेले. खिडकीवरचा ओला पडदा बघता बघता वाळायचा, गल्लीतून मागांचा खडखडाट यायचा. एवढंसं पाणी पाजताना आईला राहवेना, तसा भाऊ भेगाळल्या ओठांनी म्हणाला, "आई, अठरा ग्रॅम पाण्यात सहावर तेवीस शून्यं इतके रेणू असतात. पळीत त्याच्या चौथाई धर. पंधरावर बावीस शून्यं झाली!" "रेणू म्हंजे काय रं?" "पाण्याचा सगळ्यात बारका कण." "आन् एवढं एका पळीत? थापा मारतुयास की." "कॉलेजात शिकवलंय, आई." ती हसली, आणि तिनं पळी त्याच्या ओठांना लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आणखी एक पळी मागितली, तेव्हा ती समजुतीनं म्हणाली, "एका पळीत लई असतंय, तूच म्हनला न्हवं बाळा?" त्यानं मान हलवली आणि पुन्हा पाणी मागितलं नाही. संध्याकाळी तो गेला. तापात भरपूर पाणी पाजा, असं आता डॉक्टर सांगतात. आई होती तोवर हे वाक्य मी घरात कुणालाही उच्चारू दिलं नाही.