आठ ग्लासांचा वर्ग

गोवंडीच्या आमच्या विहारात दर रविवारी सकाळी धोंडिरामकाका लहान मुलांना सूर शिकवतात. सहा-सात वर्षांच्या पोरांची बोटं पेटीवर पुरत नाहीत, म्हणून त्यांनी चहाचे आठ कटिंग ग्लास ओळीनं मांडले. प्रत्येकात कमी-जास्त पाणी, पाण्यात रंग, वाजवायला पेन्सिल. खालचा सा लाल, वरचा निळा. महिन्याभरात पोरं सरगम वाजवू लागली.

शेवटी खेळ असायचा. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, एकानं ग्लास वाजवायचा, काकांनी सूर ओळखायचा. चुकले तर दहा उठाबशा. तीन वर्षांत काका एकदाही चुकले नव्हते.

गेल्या जानेवारीत अक्षताची पाळी होती. काका वाट बघत राहिले.

"वाजव ना गं."

"वाजवला ना काका! दोनदा!"

पोरं ओरडली, "उठाबशा! उठाबशा!" काकांनी हसत दहा काढल्या. अक्षताची पेन्सिल अजून निळ्या ग्लासावरच होती.

बावीस वर्षं काका बेंजो पार्टीत होते. मिरवणुकीत गाडीवरचे भोंगे त्यांच्या कानामागेच वाजायचे.

त्याच संध्याकाळी घरी शकुकाकू स्वयंपाकघरात धावत आल्या. "अहो, शेजारी बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात? डाळीची वाट लागली!" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरकडे चला."

"तो म्हणेल, वर्ग बंद करा."

पुढच्या रविवारी ग्लास सातच होते.

"काका, वरचा सा?"

"फुटला."

कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत निळा ग्लास पालथा ठेवलेला अक्षताला दिसला.

मार्चमध्ये नी गेला. खेळही उलटला. आता भिंतीकडे तोंड मुलांनी करायचं, ग्लास काका वाजवणार. पोरांना हे जास्त झकास वाटलं. वळून ती उत्तर द्यायची, तेव्हा काका त्यांच्या ओठांकडे बघायचे. प्रत्येक ग्लासावर पाणी कुठवर हवं, त्याची मार्करनं रेघ आली होती.

परवा काकांनी ग वाजवला. अक्षता वळली.

"काका, हा बेसूर लागतोय."

"परत ऐक."

"ऐकलं ना. बेसूरच आहे."

पूर्वी काका लगेच पेन्सिल टेकवून बघायचे, थेंबभर पाणी घालायचे. या वेळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, गुडघ्यांवर बसले, आणि पाणी रेघेला लागलंय का ते डोळा लावून बघू लागले.