काकूचा ‘देवा’

मंडळी, आज दुपारी खटकचिंचोळीत आमच्या काकूनं माझी पार फजिती केली.

भजनी मंडळाची जुनी वही मी मोबाईलवर टाईप करायलोय. त्यातलं काकूचं एक गाणं गावात सगळ्यांना पाठ आहे: ‘सांज झाली देवा, भाकर निवली, वाट बघून तुझी वात इझली.’ मी पडलो मास्तर. खाली अर्थ लिहिला, भाकर म्हणजे देह, वात म्हणजे जीव. आणि ऐटीत काकूला वाचून दाखवला.

काकू तोंडाला पदर लावून हसली. “भाकर म्हंजे भाकरच की रे बाबा! तुझे काका हैदराबादला कामाला होते. शनिवारी यायचे, कधी यायचेच न्हाईत. तवा मीच जुळवलं ते.”

“मग ‘देवा’ कामून?”

“नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हवती. आन् गाण्यात कुणाला तरी हाक मारावीच लागती.”

बाहेर ओसरीवर काका तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. चाळीस वर्षं झाली, या गाण्याला टाळ तेच धरतात. डोळे मिटून, देवासाठी.

अर्थ मी खोडून टाकलाय. आता तुम्हीच बोला, काकांना सांगू का?