उन्हात उभी

नारपोलीत लूमच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसाला शांतता सोसत नाही. कोनला रिक्षातून उतरले तेव्हा कान रिकामे झाल्यासारखे वाटले. चैत्रातली टळटळीत दुपार. माहेरची वाट मी झोपेत चालावी तशी चालत होते, आणि शेजारून कोर्टाचे बेलीफ चालत होते. त्यांच्या बगलेत माझ्या सख्ख्या भावावरचं समन्स.

बाबांच्या माघारी राहिलेलं खाडीकडचं शेत दादा मला न विचारता गोदामवाल्यांना द्यायला निघाला होता. मुलींना वाटा देणारा कायदा तेव्हा नवाच होता. मी तोंडानं मागून पाहिलं. "लग्नान दिला त्यो काय कमी?" म्हणाला. माझं डोकं फिरलं आणि मी दावा लावला. पण समन्स दादाला बजावल्याशिवाय दावा पुढे सरकेना. बेलीफ दोनदा येऊन हात हलवत परत गेले होते, 'घरी मिळून आले नाहीत' असा शेरा घेऊन. इकडे शेतात भरावाचे डंपर यायला लागले होते. दाराला चिकटवूनही बजावता येतं, असं वकील म्हणाले. पण ज्या दारावर आईनं हळदीची बोटं उठवली, तिथे मला तो कागद नको होता. मग मीच जाऊन माणूस ओळखून द्यायचं ठरलं.

"ताई, तुम्ही फक्त दाखवायचं," बेलीफ वाटेत म्हणाले. "आत जायचं नाही. पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पाणी घेतलं की माणूस विरघळतो."

वहिनी दारात आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते न्हाईत घरान. भाईर गेल्यान."

बेलीफ ओटीवर टेकून शेरा लिहायला लागले. मी अंगणात तशीच उभी. दोरीवर बोंबील वाळत होते. त्या वासानं मला गुंगीच आली. वाटलं, आत्ता आई परसातून येईल, बाबा खाटेवरून खाकरतील, आणि हे समन्स वगैरे कुणा दुसऱ्याच बाईचं असेल. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पदर डोक्यावर घ्यायचंही भान नव्हतं.

आमच्यात माहेरवाशीण दारात आली की घरच्या पुरुषानं पुढे होऊन तिला आत घ्यायचं. भांडण असो, अबोला असो, तिला अंगणात ताटकळत ठेवत नाहीत.

"बाय, उन्हान काय उभी? घरान ये ना!"

आतल्या खोलीचा पडदा सारून दादा बनियनवरच बाहेर आला होता. कपाळाला आठ्या, आवाज रागाचा. लहानपणी खाडीवर भटकत राहिले की याच आवाजात हाक मारायचा. बोलून गेल्यावर त्याला बेलीफ दिसले.

वहिनीनं पदर तोंडाशी धरला.

"ताई, हेच का ते?" बेलीफनी विचारलं.

दादा माझ्याकडे बघत होता. नाही म्हणाले असते तर शेत गेलं असतं.

"हो," मी म्हटलं. "हा माझा भाऊ."

त्यानं सही केली. खाली ओळखणाऱ्याची म्हणून मी केली. घरात काही गेले नाही. वहिनीनं आणलेला पाण्याचा तांब्या ओटीवर तसाच राहिला.

पुढे वाटा मिळाला. माझ्या हक्काचा होता, मी घेतला, आणि परत वेळ आली तर परत घेईन. कोनला अजून जाते, लग्नकार्याला, दिवसकार्याला. दादा असतो घरात. मी मुद्दाम अंगणात जरा रेंगाळते, पदर न घेता. वहिनी बाहेर येऊन म्हणते, "या."